गंजलेल्या पत्र्यांचीं चित्रें आणि पाहणाराची दृष्टि

संस्कृत शास्त्रकारांनीं जे लौकिक न्याय रूढ केले, त्यांपैकीं 'घुणाक्षरन्याय' हा मोठा मार्मिक आहे. घुण म्हणजे लांकूड किंवा पोथीचें पान कोरून खाणारा किडा. तो आपली भूक भागवीत पुढें सरकतो, आणि त्याच्या वाटेनें ज्या रेघा उमटतात त्यांत मधूनच एखादें अक्षर तयार होतें. किड्याला लिपि येत नाहीं. लिहिण्याचा त्याचा हेतुहि नसतो. तरी साक्षर मनुष्य तें पाहतो व 'क' किंवा 'म' म्हणून वाचतो. योगायोगानें घडून आलेल्या गोष्टीस हा न्याय लावून आपण पुढें जातों. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर प्रश्न पडतो, कीं तें अक्षर लिहिलें कोणीं? किड्यानें कोरलें हें खरें. पण वाचणारा आलाच नसता, तर तेथें लांकडाला पडलेल्या खांचेवांचून दुसरें काय होतें?

हा प्रश्न नुसता तर्काच्या वर्गांत चर्चिण्याचा राहिलेला नाहीं. गेल्या ऐंशी वर्षांत छायाचित्रणकलेची एक सबंध शाखा त्याच्यावर उभी राहिली आहे. गंजलेले पत्रे, पोपडे आलेल्या भिंती, कारखान्यांचीं जुनीं फाटकें, गोदींतील बोटींच्या खरवडलेल्या कुशी, तेलाच्या टाक्या, अशा पृष्ठभागांचीं अगदीं जवळून घेतलेलीं छायाचित्रें आज कलादालनांत टांगलीं जातात, त्यांचे ग्रंथ निघतात, आणि आपल्या घरांतील तरुण मंडळीहि तशीं छायाचित्रें काढूं लागली आहे. त्यांत मनुष्य नसतो, झाड नसतें, क्षितिज नसतें. अशा चित्रांस अमूर्त छायाचित्रें म्हणतात. तीं पाहून घरांतील वडील माणूस विचारतो, "यांत पाहावयाचें तें काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याची टर न उडवितां उत्तर शोधावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम येथला घुण कोण, तें पाहूं. लोखंड उघडें राहिलें व त्यास ओल मिळाली, कीं हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन गंज तयार होतो. या गंजाचें आकारमान मूळच्या लोखंडापेक्षां कित्येक पटींनीं अधिक असतें. त्यामुळें रंगाच्या थराला सूक्ष्म चीर पडून तींतून पाणी आंत गेलें म्हणजे गंज आंतल्या आंत फुगतो. वरचा रंग उचलला जातो, त्याला फोड येतो, फोड फुटतो, आणि उघड्या पडलेल्या जागीं पुन्हां नवी ओल शिरते. समुद्रकांठची खारी हवा हें काम फार त्वरेनें करते. मुंबईंत किंवा कोंकणांत ज्यानें खिडकीचे गज पावसाळ्यानंतर पाहिले आहेत, त्यास हें सांगावयास नको. गंजाचा रंगहि एकच नसतो. लोखंडाचे निरनिराळे संयोग पिंवळसर, नारिंगी, तपकिरी व काळे असे असतात. पूर्वीं लोखंडी कामावर पहिला हात पुष्कळदां शेंदराचा देत असत, कारण शिशापासून केलेला हा रंग गंजाला अटकाव करतो. वरचा हिरवा किंवा करडा रंग उडाला म्हणजे हा शेंदरी थर, मारुतीच्या अंगावरील जुनें कवच दिसावें तसा, उघडा पडतो. उन्हानें रंगाचा तकवा जाऊन त्याची भुकटी होते. मग कोणी तरी डागडुजी म्हणून डांबराचा एक हात फिरवितो. अशा रीतीनें ऊन, पाऊस, खार, रंगारी आणि येणाजाणारांचे हात, हे सर्व वीस-वीस, तीस-तीस वर्षें एकाच पत्र्यावर काम करीत असतात. त्यांपैकीं एकाच्याहि मनांत चित्र काढावयाचें नसतें.

मग छायाचित्रकारानें केलें काय? त्यानें चौकट आंखली. शेंकडों रेघांतून नेमकें अक्षर कोठें आहे, तें ओळखून त्यानें तेवढाच भाग उचलला. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. तो कॅमेरा भिंतीशीं समांतर ठेवतो, म्हणजे खोलीचा भास नाहींसा होतो. जमीन, आकाश, बिजागरी, कडी-कोयंडा हीं सर्व तो चौकटीबाहेर ठेवतो, म्हणजे मोजमापाला आधारच उरत नाहीं. सकाळचा किंवा सायंकाळचा तिरपा उजेड तो धरून राहतो, म्हणजे पोपड्याच्या प्रत्येक कडेला सावली पडते. इतकें झाल्यावर आपल्यापुढें आहे तो हातभर पत्रा आहे, कीं विमानांतून दिसणारा एखादा ओसाड प्रांत आहे, हें सांगणें कठीण होतें. वस्तु तीच, परंतु तिचें नांव गळून पडलें.

या शाखेच्या प्रमुख प्रवर्तकांपैकीं एक अमेरिकन छायाचित्रकार आरन सिस्किंड (१९०३–१९९१) हे होत. हे गृहस्थ आमच्याच व्यवसायांतले, हें सांगतांना मला समाधान वाटतें. न्यूयॉर्क शहरांतील सार्वजनिक शाळांत त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकविलें. तरुणपणीं त्यांना कवितेचा नाद होता. कॅमेरा हातीं आला तो नंतर. १९३० नंतरच्या दशकांत ते 'फोटो लीग' या छायाचित्रकारांच्या संस्थेंत काम करीत. समाजांतील दैन्य व अन्याय लोकांच्या नजरेस आणावा, हें त्या संस्थेचें ब्रीद होतें. हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तींतील जीवनाचीं सिस्किंड यांनीं सहकाऱ्यांसह तयार केलेलीं छायाचित्रें आजहि प्रसिद्ध आहेत. पुढें १९४१ च्या सुमारास ते त्या संस्थेपासून दूर झाले. १९४४ च्या उन्हाळ्यांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरांत ते राहिले, आणि तेथें त्यांची दृष्टि पालटली. धक्क्यावर पडलेला हातमोजा, दोराचा तुकडा, रंग उडालेली फळी, अशा क्षुद्र वस्तूंकडे ते तासन् तास पाहूं लागले. दुसऱ्याच वर्षीं, १९४५ मध्यें, त्यांनीं या अनुभवावर एक लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ 'वस्तूंचें नाट्य' असा होतो.

१९४७ सालीं न्यूयॉर्कमधील चार्ल्स ईगन यांच्या कलादालनांत त्यांचीं छायाचित्रें मांडलीं गेलीं. हें दालन छायाचित्रांचें नव्हे, तर त्या वेळच्या नव्या अमूर्त चित्रकारांचें होतें. फ्रान्झ क्लाइन, विलेम द कूनिंग इत्यादि चित्रकार त्यांचे स्नेही झाले. क्लाइन हे पांढऱ्या पटावर काळ्या रंगाचे मोठमोठे फटकारे मारीत. १९६२ सालीं ते वारले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनीं सिस्किंड यांनीं पेरू देशांतील लिमा वगैरे शहरांतील भिंतींवर कोणीं तरी फांसलेला काळा रंग टिपून एक चित्रमाला केली व ती आपल्या दिवंगत मित्रास वाहिली. ज्यानें ती भिंत रंगविली त्यानें क्लाइनचें नांवहि ऐकलें नसेल. तरी मित्राला त्या भिंतीवर मित्राचा हात दिसला. घुणाक्षराचें याहून हृद्य उदाहरण मला आठवत नाहीं.

सिस्किंड यांच्या चित्रांच्या नांवांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. त्यांनीं 'वादळ', 'विरह', 'अंत' असलीं नांवें या चित्रांस दिलीं नाहींत. गांव, साल आणि फार तर एक क्रमांक, एवढेंच ते लिहीत. 'जेरोम, ॲरिझोना, १९४९' हें त्यांचें एक गाजलेलें चित्र आहे. त्यांत भिंतीवरील रंगाचे पोपडे सुटून, वाळलेल्या पानांप्रमाणें वळून आलेले दिसतात. जेरोम हें तांब्याच्या खाणीचें गांव. त्याला तेव्हांच उतरती कळा लागली होती, आणि १९५३ सालीं तेथील खाण बंद पडली. चित्रांत खाण नाहीं, खाणकामगारहि नाहीं. नांवांत मात्र गांव आहे आणि साल आहे. या गोष्टीकडे शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

आतां पाहणाराकडे वळूं. अशा चित्रापुढें मनुष्य कसा वागतो, हें मला घरबसल्या पाहावयास मिळालें. माझा एक पुतण्या छायाचित्रणाचा षौकी आहे. मुंबईंतील एका बंद गिरणीच्या आवारांत त्यानें कांहीं छायाचित्रें काढलीं, आणि त्यांतील एक मोठें करून, कांचेच्या चौकटींत घालून आमच्याकडे आणलें. खालीं त्यानें 'वैराग्य' असें नांव लिहिलें होतें. घरांत त्या दिवशीं पाहुणे होते. पहिला प्रश्न सर्वांचा एकच: "हें आहे कशाचें?" पुतण्या हंसला, पण बोलला नाहीं. मग दुसरा प्रश्न आपोआप सुरू झाला: "हें दिसतें कशासारखें?" आमच्या सौभाग्यवतींना त्यांत पावसाळ्यांतील सह्याद्रीचा कडा दिसला, धुकें आणि धबधबेहि त्यांनीं दाखवून दिले. सात वर्षांच्या नातीला उंट दिसला, आणि एकदां तिनें बोट ठेवल्यावर तो सर्वांनाच दिसूं लागला. आमचे व्याही यंत्रशाळेंत आयुष्य घालविलेले, ते म्हणाले, "वेळेवर रंग दिला नाहीं, दुसरें काय?" शेवटीं पुतण्यानें तो गिरणीचा लोखंडी दरवाजा असल्याचें सांगितलें. "हात्तिच्या!" म्हणून मंडळी चहाकडे वळली. नांव कळलें, आणि पाहणें संपलें.

हा दोष आमच्या घरच्या मंडळींचा नाहीं; मानवी दृष्टीची घडणच तशी आहे. अर्धवट आकारांत ओळखीची वस्तु शोधणें हा डोळ्यामागच्या मेंदूचा स्वभाव आहे, आणि चेहऱ्याच्या बाबतींत तर हें काम एका सेकंदाच्या पांचव्या हिश्शापेक्षांहि कमी वेळांत होतें. १९७६ च्या जुलैंत व्हायकिंग यानानें मंगळाच्या भूमीचें एक छायाचित्र पाठविलें. त्यांतील एका टेकडीवर उजेड-सावलीच्या खेळानें मनुष्याचा चेहरा उमटला होता, आणि पुढें कित्येक वर्षें लोक मंगळावर कोणी शिल्प कोरलें आहे कीं काय, याची चर्चा करीत राहिले. २००१ सालीं अधिक स्पष्ट छायाचित्र आलें तेव्हां ती साधी टेकडी ठरली. स्विस वैद्य हर्मन रोर्शाख यांनीं १९२१ सालीं शाईच्या डागांचीं दहा चित्रें प्रसिद्ध करून, त्यांत कोणास काय दिसतें यावरून मनोवृत्तीची परीक्षा करण्याची पद्धति घातली. त्याच्याहि चारशें वर्षें आधीं लिओनार्दो दा विंची यानें होतकरू चित्रकारांना ओल आलेल्या, डागाळलेल्या भिंती न्याहाळण्याचा उपदेश केला होता. तेथें डोंगर, नद्या, लढाया असें सर्व कांहीं सांपडतें, असें त्याचें म्हणणें.

येथें आपल्या शास्त्राची थोडी मदत घेऊं. शिंपल्यावर रुप्याचा भास होतो त्यास शुक्तिरजतन्याय म्हणतात. तो भ्रम होय. शिंपला ओळखला कीं रुपें नाहींसें होतें. नातीला दिसलेला उंट तसा आहे काय? नाहीं, कारण तो दरवाजा आहे हें कळल्यावरहि तिचा उंट जागचा हलला नाहीं. उंट आहे असें ती म्हणत नाहीं, नाहीं असेंहि म्हणत नाहीं. नाट्यांतील रामाविषयीं बोलतांना श्रीशंकुकानें चित्रांतल्या घोड्याचा दाखला दिला, तो येथें बरोबर लागू पडतो. चित्रांतील घोड्याला आपण घोडा म्हणतों. हें ज्ञान सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे, आणि नुसतें सादृश्यहि नव्हे. तें कलेचें स्वतंत्र ज्ञान आहे. फरक इतकाच, कीं चित्रांतला घोडा कोणीं तरी घोडा म्हणून काढलेला असतो, आणि गंजांतला उंट कोणींच काढलेला नसतो. तेथें चित्रतुरग आणि घुणाक्षर हे दोन न्याय एकत्र नांदतात.

परंतु उंट सांपडला म्हणजे चित्र पाहून झालें, असें समजणें ही अर्ध्या वाटेवरची धर्मशाळा आहे. मुक्काम पुढें आहे. आपण भीमपलासाचा आलाप ऐकतों तेव्हां हा कशाचा आहे, कशासारखा आहे, असें विचारीत नाहीं. त्यांत शब्द नाहींत, कथा नाहीं. तरी मन हेलावतें. मग डोळ्यालाच प्रत्येक वेळीं वस्तूचें नांव कां लागावें? आल्फ्रेड स्टीग्लिट्स या अमेरिकन छायाचित्रकारानें १९२२ सालीं ढगांच्या दहा छायाचित्रांची माला केली, तिला त्यानें 'संगीत' असेंच नांव दिलें होतें. त्याच परंपरेंतील मायनर व्हाइट (१९०८–१९७६) हे पाहण्याचेंच शिक्षण देत. १९५२ सालीं निघालेल्या 'ॲपर्चर' या छायाचित्रणविषयक नियतकालिकाचे ते संपादक होते, आणि रॉचेस्टर येथें भिंतीच्या सोललेल्या रंगाचीं छायाचित्रें त्यांनीं स्वतः काढलीं. विद्यार्थ्यांना ते एका चित्रापुढें स्वस्थ बसवीत, अंग सैल सोडावयास सांगत, बराच वेळ तेंच एक चित्र पाहावयास लावीत, आणि मग मनांत काय उमटलें तें शब्दांनीं किंवा रेघांनीं टिपावयास सांगत. आपल्याकडील त्राटकाची ज्यास ओळख आहे, त्यास ही रीति परकी वाटणार नाहीं.

आमच्या घरीं हा प्रयोग न ठरवितां घडला. चौकट बैठकीच्या भिंतीवर महिनाभर राहिली. पाहुणे गेले, प्रश्न थांबले. मग एखाद्या सायंकाळीं माझें लक्ष जाई, तेव्हां त्यांत कडाहि नसे आणि उंटहि नसे. वरून खालीं उतरणारा एक काळसर ओघ, त्याला मध्येंच अडविणारा एक उजळ आडवा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या वर एक वाटोळा, फिकट डाग, एवढेंच असे. आणि तेवढें पुरें होई. रसशास्त्राच्या परिभाषेंत यांत विभाव कोणता व स्थायिभाव कोणता, हें सांगणें अवघड आहे. गंजाची किळस असती तर तो बीभत्स झाला असता, ती नव्हती. कांहींसा विस्मय होता, आणि त्याखालीं शांति होती. 'वैराग्य' हें नांव मुलानें योग्यच दिलें, असें वाटूं लागलें.

अशांत एके दिवशीं आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. वयानें माझ्याच बरोबरीचे; ऐन तरुणपणीं ते मुंबईंत गिरणीच्या साचेखात्यांत बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला पुन्हां आंत जाणें लाभलें नाहीं. हे त्यांतलेच एक. पुढें सुतारकाम शिकून त्यांनीं संसार केला. ते चित्रापुढें उभे राहिले. कशाचें आहे, असें त्यांनीं विचारलें नाहीं. थोड्या वेळानें म्हणाले, "मास्तर, हा खात्याचा दरवाजा." मग त्या उजळ पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथें ढकलगाडी लागायची. दोन्ही हात गाडीला, म्हणून दरवाजा गाडीनंच ढकलायचा. रोज, तिन्ही पाळ्यांत." आणि त्या वाटोळ्या डागाकडे पाहून, "आणि हा हाताचा. गाडी नसली कीं माणूस इथंच हात लावतो." त्यानंतर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, व आम्हांसहि बोलवेना.

अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. पाहणारा स्वतःच्याच सुखदुःखानें व्याकूळ होणें, हें त्यांतलें एक. आणि हें माझें कीं परक्याचें, अमुक स्थळींचें कीं अमुक काळचें, अशा विचारांत अडकून पडणें, हें दुसरें. या कसोटीला लावलें तर आमच्या पाहुण्यांना रसास्वाद झाला नाहीं असें म्हणावें लागेल. तें चित्र त्यांना अमूर्त दिसूंच शकत नव्हतें. परंतु शास्त्र असें सांगतें म्हणून त्यांचें पाहणें उणें, आणि बैठकींत बसून शांति अनुभवणाऱ्या माझें पाहणें सरस, हें कोणत्या तोंडानें म्हणावें? ज्या पट्ट्यावर माझी दृष्टि विसावत होती, तो त्यांच्यासारख्या हजारों माणसांच्या श्रमानें घांसला गेला होता. पट्टा सुंदर होता हें खोटें नव्हे. तो कोणाचा होता, हें ठाऊक नसल्यामुळें तो मला फुकट मिळाला होता, एवढेंच.

हा आक्षेप नवा नाहीं. सिस्किंड यांनीं हार्लेमच्या माणसांकडून भिंतींच्या पोपड्यांकडे मोर्चा वळविला, तेव्हां समाजाकडे त्यांनीं पाठ फिरविली, अशी टीका त्यांच्यावर त्यांच्याच जुन्या वर्तुळांत झाली. आज जगभर ओस पडलेल्या कारखान्यांचीं देखणीं छायाचित्रें निघतात, त्यांवरहि हाच आक्षेप आहे: कोणाची तरी भाकरी गेली, आणि त्या जागीं कोणाची तरी भिंत सजली. या आक्षेपास बगल देणें बरें नव्हे. परंतु म्हणून अशीं चित्रें काढूंच नयेत, हेंहि मला पटत नाहीं. तीं काढलीं नसतीं, तर तो पत्रा भंगारांत वितळून गेला असता, आणि त्याच्यावरील ती हाताची खूण कोणीच पाहिली नसती. ज्याची होती त्यानेंहि नाहीं.

मार्ग मला आपल्याच एका नित्याच्या आचारांत दिसतो. पूजेच्या आरंभीं आपण संकल्प सोडतों. त्यांत काय करावयाचें तें मागाहून येतें. आधीं होतो तो देशकालाचा उच्चार. कोणतें खंड, कोणत्या नदीचा कोणता तीर, कोणता संवत्सर, कोणता मास, कोणती तिथि. एवढें स्पष्ट म्हटल्यावरच पुढील कर्माला अधिकार येतो. एकदां उच्चार झाला, कीं मग पूजा करणारा देशकाल विसरून ध्यानांत शिरावयास मोकळा होतो. रसशास्त्र देशकाल विसरावयास सांगतें आणि संकल्प तो उच्चारावयास लावतो. दोहोंत विरोध दिसतो, पण तो क्रम पाळला तर राहत नाहीं. आधीं उच्चार, मग विसर.

सिस्किंड यांच्या 'जेरोम, ॲरिझोना, १९४९' या कोरड्या नांवाचें मर्म मला या दृष्टीनें उलगडतें. तें नांव पाहणाराला अर्थ शिकवीत नाहीं. पोपड्यांत पानें पाहावीं कीं ज्वाळा पाहाव्या, याची सक्ति करीत नाहीं. परंतु हा पृष्ठभाग अमुक गांवीं, अमुक सालीं खरोखर होता, आणि तेथें माणसें राबत होतीं, एवढें ऋण तें मान्य करतें. 'वैराग्य' या नांवानें नेमकें हेंच झांकलें होतें. ज्यानें दरवाजा सोडला त्यानें तो वैराग्यानें सोडला नव्हता.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशीं छायाचित्रें आलीं, किंवा मुलाबाळांनीं तीं काढलीं, तर माझें एवढेंच सांगणें आहे. 'यांत काय पाहावयाचें?' म्हणून त्यांना परतवूं नये. प्रथम तें कोठलें व केव्हांचें, हें विचारून घ्यावें आणि चौकटीच्या मागें लिहून ठेवावें. मग डोळ्याला कडे, उंट, ढग जें दिसेल तें दिसूं द्यावें. लहान मुलांना आधीं बोलूं द्यावें. शेवटीं गप्प बसून थोडा वेळ नुसतें पाहावें. आमच्या घरच्या चित्राखालचें 'वैराग्य' हें नांव पुतण्यानें स्वतःच खोडलें. त्या जागीं आतां 'लालबाग, मुंबई' एवढे दोन शब्द आणि साल आहे. नातीचा उंट तेथेंच आहे, आणि हाताचा डागहि.